दहापैकी तीन

आमच्या सासूबाई मार्क देतात. दहापैकी. स्वयंपाकाला, हवेला, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईला, समोरच्यांच्या नव्या गाडीला. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, शेवटी हेडबाई होऊन निवृत्त झाल्या, पण लाल पेन काही हातातून सुटलं नाही. टक्कल पडलेले त्यांचे विद्यार्थी अजून त्यांना लांबून बघतात आणि पलीकडच्या फुटपाथवर जातात. मी त्यांना तोंडावर आई म्हणते आणि पाठीमागे हेडबाई. त्यांना ते माहीत आहे.

लग्न होऊन आले त्या पहिल्याच रविवारी मी जीव ओतून स्वयंपाक केला होता. हेडबाई शांतपणे जेवल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "चार." मी आत जाऊन ओक्साबोक्शी रडले. मागोमाग हे आले, आणि बायको रडतेय तर हे हसायलाच लागले! म्हणाले, "अगं वेडे, चार म्हणजे तुला डोक्यावर घेतलंय. मी वर्गात पहिला आलो होतो तेव्हा मला तीन मिळाले होते."

तर ही असली बाई एका सकाळी बाथरूममधून बाहेर आली, आतला दिवा तसाच राहिला म्हणून मालवायला मागे वळली, आणि पडली. एका दिव्यापायी! माझ्या हातून राहिला असता तर दिवसभर ऐकवलं असतं. मी धावत गेले तर जमिनीवर आडव्या, उजवा पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला, ओठ पांढरे पडलेले. आणि मला म्हणतात काय, "आधी तो दिवा मालव."

मालवला. मग अँब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत एका तरुण डॉक्टरने तपासलं, एक्स-रे काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्याने वाकून, अगदी प्रेमाने विचारलं, "आजी, दहापैकी किती दुखतंय? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनशक्तीच्या बाहेर."

आजी म्हटल्याबद्दल हेडबाईंनी आधी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग विचार केला. खरंच केला, प्रश्न दहापैकीचा होता ना. "तीन," म्हणाल्या.

त्याने तीन मांडले. मी तिथेच उभी होते. मला काही सुचलं? छे! ह्यांचा फोन लागत नव्हता, आमचं लाँड्रीचं दुकान मी तसंच उघडं टाकून आले होते, त्यात तीन ऐकून मला उलट हायसंच वाटलं. चला, फार दुखत नाही म्हणायचं.

त्या हॉस्पिटलात एक पद्धत होती, ती मला नंतर कळली. असं हाड मोडलेलं म्हातारं माणूस आलं आणि आकडा पाचाच्या वर गेला, की भूलतज्ज्ञांना फोन जायचा. त्या येऊन जांघेत इंजेक्शन द्यायच्या, खुब्याकडे जाणारी नस बधिर व्हायची, आणि माणूस ऑपरेशनपर्यंत निवांत पडायचं. आमच्या हेडबाई तीनवर. फोन गेला नाही. सलाइनमधून दुखणं कमी करायचं साधं औषध लागलं आणि वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली.

हाडांचे डॉक्टर आले. भला माणूस, फक्त कायम कुठेतरी निघालेला. म्हणाले, "ऑपरेशन करायला हवं. पण यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. तिचा असर उतरायला दोन दिवस तरी थांबावं लागेल." आम्ही बरं म्हटलं. थांबायचं तर थांबायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात पोचले तर हेडबाई हजेरी घेत होत्या.

"हळू बोलायचं नाही! हजर म्हणा!" मोठमोठ्याने, भिंतीकडे बघून. कुठल्या कुठल्या पोरांचे हजेरी क्रमांक. शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घातलेली एक बाई होती. ती बिचारी पांघरुणातून हात वर करून म्हणाली, "हजर, बाई." रात्री दोनदा घेतली म्हणे हजेरी. मग झोपेचं इंजेक्शन दिलं, त्याने आणखीच बिघडलं.

"आई, मी आलेय," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पालकांनी ऑफिसात थांबायचं."

हे खाटेच्या पायथ्याशी उभे होते. साठीला आलेला माणूस, रुमाल तोंडावर धरून रडत होता. आईने ह्यांना ओळखलं नव्हतं. आमच्या घरात ह्यांना बंडू म्हणणारी एकच व्यक्ती उरली आहे, आणि तिने सकाळी विचारलं होतं, "आपण कोण?"

दुपारी ह्यांनी मला बाहेर बाकावर बसवलं. चेहरा काहीतरी ठरवून आल्याचा. "हे बघ, मी डॉक्टरांशी बोललो. ह्या वयात, ह्या अवस्थेत ऑपरेशन म्हणजे धोका आहेच म्हणाले. आई गेली गं. म्हणजे आहे, पण गेली. आता चिरफाड कशाला? उद्या सकाळी घरी नेऊ. अँब्युलन्स सांगितली आहे. स्वतःच्या खोलीत, शांतपणे..."

"शांतपणे काय?"

त्यांनी रुमालाची घडी घालायला घेतली.

मला ह्यांचं दुखणं माहीत होतं. माझे सासरे एका साध्याशा ऑपरेशनला आत गेले ते परत आले नाहीत. हे तेव्हा कॉलेजात होते आणि ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर एकटे उभे होते. त्यानंतर ह्यांनी दाढसुद्धा काढून घेतलेली नाही, अर्धा जबडा किडलाय. हे सगळं मला मान्य. पण म्हणून आईला मोडक्या हाडानिशी खाटेवर टाकून वाट बघायची? कशाची वाट?

"आई वेडी झालेली नाही," मी म्हटलं.

"तू ऐकलंस ना, हजेरी..."

"ऐकलं. तरी नाही."

"कशावरून?"

कशावरून ते मला सांगता येईना, म्हणून माझा असा काही तिळपापड झाला की मी उठून वॉर्डात गेले आणि स्टूल ओढून खाटेशी बसले. ठरवलं, आता इथून हलायचं नाही. पस्तीस वर्षं ह्या बाईशी मी भांडले आहे. तिचं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे मला नाही कळणार तर कोणाला कळणार?

बसून बघत राहिले. पडून होत्या तोवर हेडबाई गप्प होत्या, डोळे मिटलेले. मध्येच "बंडूने डबा नेला का?" असं काहीतरी पुटपुटल्या. चुकलेलं, पण घरातलं. खाटेशेजारी पाण्याचा ग्लास होता, तोंडापर्यंत भरलेला. सकाळीही तसाच होता. मी ओठांना लावला तर त्यांनी मान फिरवली.

मग सिस्टर आणि आया आल्या, लघवीचं भांडं द्यायला. एकीने कंबर उचलली, दुसरीने भांडं सरकवलं. हेडबाई ओरडल्या नाहीत. कण्हल्यासुद्धा नाहीत. त्यांनी चादर मुठीत धरली, इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी झाली, आणि डोळे छताला लागले. आणि पुढच्या क्षणाला, "शांतता! हजेरी चालू आहे!"

मी ताडकन उभी राहिले. हलवलं की ही बाई शाळेत जात होती! निश्चल असली की घरात, हलवली की शाळेत. आणि भांडं लागू नये म्हणून पाणीच पीत नव्हती.

आणि मग, अगं बाई गं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन!

"सिस्टर," मी म्हटलं, "ह्यांना किती दुखतंय म्हणून लिहिलंय?"

सिस्टरने पाहिलं. "तीन. काल तीन, रात्री तीन. आज विचारलं तर म्हणाल्या, रांगेत या."

"अहो, त्यांचा मुलगा वर्गात पहिला आला तेव्हा त्याला तीन दिले होते त्यांनी!"

सिस्टर माझ्याकडे अशा बघायला लागल्या की आता हिच्यासाठीही एक खाट बघावी लागणार. पण मी सोडते की काय. लाँड्रीच्या काउंटरवर उभं राहून मला एक सवय लागली आहे, समोरचा वैतागला तरी आपलं म्हणणं पुरतं सांगायचं. मी सगळं सांगितलं, स्वयंपाकाचे चार, पहिल्या नंबराचे तीन, नव्या गाडीचा दीड. पाण्याचा ग्लास दाखवला. चादरीवरच्या चुण्या दाखवल्या. सिस्टर आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "थांबा हं," म्हणाल्या आणि फोन लावला.

भूलतज्ज्ञ डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या, डोक्यावर अजून थिएटरची टोपी. आल्या त्या थेट खाटेशी. मी पुन्हा सगळी कथा सुरू केली, त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग हेडबाईंच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "बाई, पाय थोडासा उचलू?" आणि जेमतेम बोटभर उचलला.

चादर मुठीत. डोळे छताला.

डॉक्टरांनी पाय खाली ठेवला. "नुसतं पडून असताना विचारायचं नसतं, हलवून विचारायला हवं होतं," त्या सिस्टरना म्हणाल्या, रागाने नाही. "आमचं चुकलं." मग माझ्याकडे वळल्या. "ह्या वयात इतकं दुखणं, झोप नाही, पोटात पाणी नाही, वरून झोपेचं औषध. डोकं भरकटणारच. हे वेड नव्हे. बहुतेकांचं उतरतं. चष्मा कुठे आहे यांचा? ऐकायचं मशीन लावतात का?"

"लावतात. हरवेल म्हणून ह्यांनी दोन्ही घरी नेलं."

"म्हणजे दिसत नाही, ऐकू येत नाही, अनोळखी जागा आणि ही कळ. मी असते तर मीही हजेरी घेतली असती."

मला त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

पण सही ह्यांची हवी होती. हे आत आले, इंजेक्शन शब्द ऐकला आणि दोन पावलं मागे गेले. "भूल नको. डॉक्टर, हात जोडतो, भूल नको. उद्या आम्ही घरी नेणार आहोत."

"पूर्ण भूल नाही देत," डॉक्टर म्हणाल्या. "अख्ख्या घराचं पाणी बंद करत नाही, फक्त त्या एका मोरीचा नळ. आई जागी राहील, श्वास तिचा तीच घेईल."

"पण ऑपरेशनच करायचं नाही तर..."

"नका करू. तो निर्णय तुमचा. पण घरी नेणार म्हणजे कशा नेणार? इथून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून गाडीत, गाडीतून जिन्याने वर, जिन्यावरून खाटेवर. तेवढ्या वेळा हे हाड हलणार. बघायचंय तुम्हाला, हललं की काय होतं?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी काही त्यांची सुटका केली नाही. म्हटलं, "अहो, त्यांनी तीन दिले आहेत. तीन. तुम्हाला कळायला हवं."

त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. "तीन?" म्हणाले. "आईने?"

डॉक्टरांनी धोके सांगितले, लपवलं काही नाही. सुईच्या जागी रक्त साकळू शकतं, क्वचित औषध अंगावर येतं, म्हणून मी इथेच बसणार आहे, म्हणाल्या. रक्त पातळ करायची गोळी बंद आहे आणि सुई वरवरच्या भागात, डोळ्यांना दिसत जाणार आहे. ह्यांनी सही केली.

मग मी ह्यांना चष्मा आणि मशीन आणायला घरी पिटाळलं. उभे राहून नुसते घाम गाळणार, त्यापेक्षा कामाला लागलेले बरे.

पडदा ओढला. बोटाला चिमटा, दंडाला पट्टा. डॉक्टरांनी जांघेत गार जेली लावली आणि सोनोग्राफीची मूठ फिरवली. छोट्या पडद्यावर करड्या रेघा दिसायला लागल्या. मला काय कळणार त्यातलं, पण त्या बोलत होत्या, बहुधा मला धीर यावा म्हणून. "हा स्नायू. हा त्याच्यावरचा पापुद्रा, ही पांढरी रेघ. नसेला हात लावायचा नाही. पापुद्र्याच्या खाली औषध सोडायचं, ते आपलं आपण पसरत नसेपर्यंत जातं." आधी कातडी बधिर केली. मग लांब सुई पडद्यावर तिरकी सरकत आली, रेघेपाशी थांबली, आरपार गेली. औषध गेलं तसा पापुद्रा हळूहळू वर उचलला गेला. मी हेडबाईंचा हात धरला होता. त्यांनी माझं बोट चादरीसारखं पिळलं.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या. "आता अर्धा तास द्या."

अर्धा तास! आयुष्यात एवढा लांब अर्धा तास मी पाहिला नाही. डॉक्टर खरोखरच बसून राहिल्या. मध्येच ओला गार कापूस मांडीवर लावून बघत होत्या. हळूहळू माझ्या बोटावरची मूठ सैल झाली. सुटली. सिस्टर म्हणाल्या, "चादर बदलून बघू या?"

दोघींनी मिळून त्यांना कुशीवर केलं. आम्ही सगळे श्वास रोखून हजेरीची वाट बघत होतो. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा मान उंच करून बघत होती.

हजेरी झाली नाही.

चादर निघाली, नवी घातली, त्यांना परत उताणं केलं. हेडबाईंनी डोळे उघडले, ग्लासकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाणी."

ग्लास संपवला. दुसरा मागितला, तोही संपवला. आणि झोपल्या. चक्क घोरायला लागल्या. मी पडद्याबाहेर आले आणि भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं.

"लगेच सगळं जागेवर येईलच असं नाही," डॉक्टरांनी जाताना बजावलं. "कदाचित आठवडा लागेल, कदाचित पूर्ण येणारही नाही. जागं झाल्यावर चष्मा घाला, मशीन लावा, रोजच्यासारखं बोला." संध्याकाळी जाग्या झाल्या तेव्हा हजेरी नव्हती, पण ह्यांना त्यांनी शाळेचा शिपाई समजून घंटा द्यायला सांगितलं. ह्यांचा चेहरा पुन्हा उतरला. अँब्युलन्स काही त्यांनी रद्द केली नाही. मीही वाद घातला नाही. एकदा पाणी पाजलं, एकदा लापशीसारखं पातळ काहीतरी भरवलं, आणि रोजच्यासारखं बोलत राहिले. म्हणजे तक्रारी करत राहिले.

सकाळी डॉक्टर पुन्हा इंजेक्शन देऊन गेल्या. त्यानंतर थोड्याच वेळात अँब्युलन्सवाले दोघे स्ट्रेचर घेऊन आले. हे पुढे झाले.

"कुणाला न्यायला आलात?" खाटेवरून आवाज आला. चष्मा नाकावर, मान सरळ.

"तुम्हाला, आजी. घरी."

"ऑपरेशन झालं माझं?"

"नाही..."

"मग घरी कशी जाईन? बंडू, हा काय प्रकार आहे?"

बंडू! हे मटकन खाटेच्या कडेलाच बसले. स्ट्रेचरवाल्यांना काय चाललंय ते कळेना, ते आपले स्ट्रेचर धरून उभे. मी त्यांना चहा पिऊन या म्हटलं.

हाडांचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ दोघे आले. हेडबाईंना आजचा वार विचारला, तो सांगितला. कुठे आहात विचारलं, तेही सांगितलं, वर वॉर्डातल्या स्वच्छतेला दोन दिले.

"परवा दुखण्याला तीन दिले होते म्हणे," भूलतज्ज्ञ म्हणाल्या. "आता किती?"

"आता अर्धा."

"तीनच होतं?"

"तीनच म्हणजे? ह्या बंडूच्या बाळंतपणाला मी दोन दिले होते."

सिस्टर तोंडाला हात लावून हसल्या. डॉक्टरांनी विचारलं, "मग दहा कधी देता हो?"

"दहा देऊन टाकले तर पुढे जागा कुठे उरते?"

"आणि चार?"

हेडबाईंनी पांघरूण सारखं केलं. "दुखण्याला चार एकदाच दिले. ह्याचे वडील गेले तेव्हा." मग चष्मा वर करून त्यांनी मुलाकडे पाहिलं. "म्हणून नेत होतास मला घरी?"

हे खाली मान घालून म्हणाले, "मला त्या दारात परत उभं राहायचं नव्हतं, आई."

"माहीत आहे मला. तू तेव्हापासून त्या दारातच उभा आहेस." त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आवाज मात्र वर्गातलाच. "पण मला खाटेवर पडून जायचं नाही. मला बाथरूमपर्यंत माझ्या पायांनी जायचंय आणि माझा दिवा मला मालवायचाय. डॉक्टर, ऑपरेशन केलं तर धोका आहे?"

"आहे, बाई," हाडांचे डॉक्टर म्हणाले. पहिल्यांदाच हा माणूस कुठे निघालेला दिसत नव्हता.

"आणि नाही केलं तर?"

"त्याहून जास्त."

"मग इतका वेळ कसली बेरीज करताय? कागद आणा."

सही त्यांनी स्वतः केली. वळणदार, पूर्ण नावाची. हे उठले आणि अँब्युलन्स परत पाठवून आले.

त्यांना न्यायला आले तेव्हा हे जिन्यापर्यंत आले आणि तिथेच कठड्याला धरून थांबले. मी स्ट्रेचरबरोबर पुढे गेले. थिएटरच्या दाराशी सिस्टर म्हणाल्या, चष्मा आणि मशीन काढून द्या. मशीन आधी काढायला लागल्या तर हेडबाई म्हणाल्या, "ते शेवटी." चष्मा काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला. तो हातात आल्याबरोबर मी पुसायला लागले आणि पुसतच राहिले. दोन दिवस भांडण्यात गेले होते, भांडून ज्या दारापाशी आणलं ते दार आता समोर होतं. मीच आणलं होतं. काही झालं तर?

"घाबरलीस?" हेडबाईंनी विचारलं.

"नाही हो, आई."

"खोटं बोलू नकोस. दहापैकी किती?"

मी आठ म्हणणार होते. नऊसुद्धा म्हटले असते. पण परीक्षक कोण ते मला माहीत होतं.

"तीन," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चष्म्याशिवाय मी त्यांना दिसत होते की नाही कोण जाणे.

"एवढी?" म्हणाल्या. मग हात उंच करून त्यांनी स्ट्रेचर ढकलणाऱ्याला ठणकावलं, "थांबवा गाडी. हिला जरा बरं वाटू दे."

भूलतज्ज्ञ दार धरून उभ्या राहिल्या, सिस्टर उभ्या राहिल्या. हेडबाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि मी मान हलवेपर्यंत सोडला नाही.